मागच्या गल्लीचा हेवा

परवापासून धानाचे ट्रक पुन्हा सुरू झाले. मला ते दिसण्याआधी ऐकू येतात. दुकानात बटनांच्या काचेच्या बरण्या एका फळीवर ओळीनं ठेवलेल्या आहेत, आणि भरलेला ट्रक वळणावर आला की त्या एकमेकींना लागून किणकिणतात. मागून धूळ येते. ही धूळ उन्हाळ्यातल्या धुळीसारखी नसते. तिच्यात भुशाची बारीक कुसं असतात, मानेला लागली की दिवसभर खाजत राहतं. मी ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांवर जुनं पातळ झाकून ठेवते आणि गिऱ्हाइकाला रंग दाखवायचा झाला की तेवढा कोपरा उचलते.

गावाबाहेर भातशेतांच्या बांध्या रिकाम्या होत चालल्या आहेत. कापलेलं धान दोन दिवस उन्हात पडून राहतं, मग त्याचे भारे होतात आणि भाऱ्यांची पुंजणी. कापणीच्या आधीच ओल्या मातीत फेकलेली लाखोळी, आमच्याकडची डाळ, खुंटांमधून वर आलेली असते, पिवळ्यात हिरवी. सकाळी तळ्यावरून धुकं उठतं. बाजारात शिंगाड्यांचे ढीग लागतात. मंडईच्या जत्रेतल्या नाटकांची जाहिरात करत गाडी गावभर फिरते, लेकी माहेरी येतात. आमच्या झाडीपट्टीतला हा सगळ्यात चांगला काळ. आणि मला मात्र दर वर्षी याच दिवसांत हेवा वाटू लागतो.

हेवा हा शब्द वापरायला मी उशिरा शिकले. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी मी त्याला धुळीचा त्रास म्हणत होते, डोकेदुखी म्हणत होते, झोप होत नाही असं म्हणत होते. पाच-सहा वर्षं झाली आता. तेव्हा जे झालं त्यात मोठं काही नाही. कोणी मेलं नाही, कोणाचं घर गेलं नाही. एक गल्ली चालण्यासारखी झाली, एवढंच. पण त्या एका हंगामात मी स्वतःला जितकं ओळखलं तितकं आधी कधी ओळखलं नव्हतं.

आमचं घर मेन रोडवर. पुढं मॅचिंग सेंटर, मागं राहायच्या खोल्या, आणि अगदी मागं एक उंच आंधळी भिंत. त्या भिंतीपलीकडं मागची गल्ली. तिला नावच नव्हतं, सगळे मागची गल्लीच म्हणायचे. उघडी नाली, नालीवर आलेल्या घराघरांच्या पायऱ्या, कुठं विटांचा ढीग, कुठं धानाच्या तणसाचा, मध्येच बांधलेली एखादी गाय. पावसाळ्यात तिथून जायचं तर चप्पल हातात घ्यावी लागे. त्या गल्लीत वनमाला राहायची.

वनमाला आणि मी पहिलीपासून एका वर्गात. आमच्या दोघींच्या गावांच्या आणि शाळेच्या मध्ये एक तळं होतं आणि त्याच्या पाळीवरून आम्ही शाळेत जायचो. ती पुढं, मी मागं. तिचे पाय भराभर पडत. ती मधूनच थांबायची, माझ्यासाठी नाही, पाण्यातले बगळे मोजण्यासाठी, आणि तेवढ्यात मी तिला गाठायचे. पुढं दोघी एकाच गावात सुना म्हणून आलो. मला मेन रोडचं घर मिळालं, तिला मागच्या गल्लीचं. मला ते बरोबरच वाटलं होतं. का बरोबर वाटलं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

तिचा नवरा रेल्वेच्या रुळांवर कामाला, नागभीडकडं, आठवड्यातून दोनदा घरी यायचा. ती घरी ब्लाउज शिवायची. दारासमोर टिनाचा एक पत्रा पुढं काढलेला, त्याखाली शिलाई मशीन आणि एक लाकडी बाकडं. रोज दुपारी कापडाचे तुकडे मुठीत घेऊन ती माझ्याकडं यायची. अस्तर, फॉल, रिळं, सगळं माझ्याकडून. रंगावरून आमचं नेहमी जुंपायचं.

"हा मोरपंखी नाई वं, हा रामा हाये," ती म्हणायची. "उजेडात धरून पाह्य."

मी तुकडा उजेडात धरायचे. तिचंच खरं असायचं. तरी ती माझ्या दुकानाच्या पायरीशी उभी आणि मी गादीवर बसलेली, त्यामुळं मला हरल्यासारखं वाटायचं नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर वाघाचे पंजे दिसले. आमच्याकडं वाघ ही काही नवलाची गोष्ट नाही, पण नहराची पाळ म्हणजे गावातल्या बायांची चालायची जागा. कोणाला शुगर, कोणाला बीपी, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. चार-पाचच्या सुमारास पंधरा-वीस जणी पदर खोचून तिकडं निघायच्या. पंजे दिसल्यावर ते बंद झालं. मग काही जणी मेन रोडनं चालू लागल्या. त्यात माझ्या सासूबाईही होत्या.

आठवडाभरातच त्यांना धानाच्या ट्रॅक्टरचा धक्का लागला. ट्रॅक्टर तसा हळूच होता, पण भारे दोन्ही बाजूंना इतके बाहेर आलेले की रस्त्याच्या कडेला उभं राहायलासुद्धा जागा उरली नव्हती. सासूबाई पडल्या, उजवा हात मोडला. प्लास्टर घालून घरी आल्या आणि खाटेवर बसल्या त्या बसल्याच. जेवायला बोलावलं तर म्हणायच्या, "भूक नाई." बोलायला गेलं तर भिंतीकडं पाहायच्या. हात बरा होत होता, माणूस मात्र खचत चाललं होतं.

एके दिवशी वनमाला रिळं न्यायला आली ती सरळ आत गेली.

"काकी, चाला," ती म्हणाली.

"कुठी जाऊ बाई आता. वाघ तिकडं, गाड्या इकडं."

"आमच्या गल्लीत. मी तुमचा डावा हात धरतो. इथून तिथवर जाऊ आन वापस येऊ."

"त्या गल्लीत? तिथी तर पाय ठेवाले जागा नाई."

"केली मी जागा. पाहाले तर चाला."

तिनं खरंच केली होती. न्हाणीघर पाडलं तेव्हाच्या शहाबादी फरशा तिच्या अंगणात पडून होत्या, त्या तिनं आपल्या घरासमोरच्या नालीवर टाकल्या होत्या. शेजारच्या घराला तेच करायला लावलं होतं. फारतर वीस पावलांची जागा झाली होती. त्या वीस पावलांत माझ्या सासूबाई त्या दिवशी सहा फेऱ्या चालल्या. घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून भात मागितला.

मला तेव्हा आनंद झाला का? झाला. पण आनंदाच्या खाली काहीतरी टोचलं. मी इतके दिवस त्यांची सेवा करत होते, आंघोळ घालत होते, केस विंचरत होते. भात त्यांनी वनमालाच्या हाताला धरून आल्यावर मागितला.

पुढचं फार भराभर झालं, म्हणजे मला तसं वाटलं. वीस पावलांची चाळीस झाली. वनमाला संध्याकाळी मशीन बंद करून एकेका घरी जायची. ज्यांच्या पायऱ्या नालीवर आल्या होत्या त्यांना म्हणायची, "काकाजी, दोन पायऱ्या मागं घेता का? तुमचीच सून चालन इथून." कोणी ऐकायचं, कोणी हाकलून द्यायचं. हाकललेल्यांकडं ती दुसऱ्या दिवशी परत जायची आणि जणू आदल्या दिवशी काही झालंच नाही अशी बोलायची. विटा हलल्या, तणस हललं, गाय परसात गेली. मग तिनं नगरपंचायतीत द्यायला अर्ज लिहिला. नाली झाकावी, फरसबंदी करावी आणि गल्लीत ट्रॅक्टर येऊ देऊ नये.

माझी भिंत गल्लीला लागून, म्हणून माझ्याही सहीची गरज होती. ती कागद घेऊन आली.

"इथी सही कर."

"हे येऊ देत शाळेतून. त्यांना विचारते," मी म्हटलं. आमचे हे शाळेत लिपिक आहेत. सही करायला मला त्यांना विचारायची सवय कधीच नव्हती.

"बरं. मी उद्या येतो."

कागद मी गल्ल्यात ठेवला, फॉलच्या पावती-पुस्तकाखाली. ती उद्या आली, परवा आली. मी म्हणायचे, राहूनच गेलं बघ. आठव्या दिवशी ह्यांना तो कागद सापडला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खिशातलं पेन काढलं, सही केली आणि स्वतः नेऊन दिला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

महिन्याभरात गल्लीत फरसबंदी झाली. राखाडी आणि लाल ठोकळ्यांची, साधीच. आणि मग माणसं आली. आधी चालणाऱ्या बाया, मग त्यांच्यामागं म्हातारे, मग स्टेशनकडून बाजारात जाणारे सगळेच, कारण मेन रोडवर जीव मुठीत धरून चालण्यापेक्षा ही वाट सुखाची होती. माणसं आली तसे धंदे आले. एका बाईनं उकडलेले शिंगाडे मांडले. जंगलातल्या गावाहून रायबाई मंगळवारी चारोळी, मध आणि शिंदीच्या झाडण्या घेऊन यायची. ती आधी मेन रोडला, माझ्याच दुकानाशेजारी बसायची. एकानं भिंतीला आरसा टांगून कटिंगचं दुकान काढलं. कोणाच्या ओसरीत पोहे-चना मिळू लागला. संध्याकाळी तिथून तर्रीचा वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि माझी भाजी मलाच बेचव लागायची.

मी गच्चीवर जायला लागले. निमित्त वड्यांचं असायचं. कोहळ्याच्या वड्या घालायच्या, उलटायच्या, गोळा करायच्या. खरं म्हणजे मी कठड्याला टेकून खाली पाहायचे. माझी गिऱ्हाइकं ओळखू यायची, वरून, नुसत्या भांगावरून. ही गुरुवारी येते अस्तराला. ही पिवळ्या फॉलसाठी येणार होती. ती तिथं हसत उभी असायची, हातात शिंगाड्याचा द्रोण. एका संध्याकाळी सासूबाई वनमालाच्या मशीनजवळच्या बाकड्यावर बसलेल्या दिसल्या. प्लास्टर निघालं होतं. त्या मान मागं टाकून हसत होत्या, तोंडात पुढचे दोन दात नाहीत हे दिसेल इतक्या. पंधरा वर्षांच्या संसारात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी वड्यांचं ताट उचललं आणि खाली आले.

त्याच आठवड्यात वनमाला दुपारी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच एकीला विचारलं, तेव्हा कळलं की तिनं रिळं आणि अस्तर स्वतःच ठेवायला घेतलंय, चंद्रपूरहून मागवून. चौथ्या दिवशी ती आली आणि स्वतःच सांगू लागली.

"तुले सांगाले आली. बाया म्हनतात, रोडनं तिकडं जावाले भेव लागते. अस्तर इथीच पायजे. मंग मी थोडंसक ठेवलं. मॅचिंगचं मोठं काम तुह्याकडेच धाडतो मी."

"ठेव ना," मी म्हटलं. "तुझी गल्ली आहे."

"माही कायची गल्ली. सगळ्याइची हाये."

"हो का? मला वाटलं तूच मालकीण."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. तिला राग आला नव्हता. रंगाचा तुकडा उजेडात धरून पाहावा तसं तिनं मला पाहिलं. मग म्हणाली, "तू येत काऊन नाईस वं चालाले? मी रोज वाट पाह्यतो."

"दुकान कोण पाहील?" मी म्हटलं. दुकानात तेव्हा कोणीच नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे. दोन-तीन दिवसांनी मी दुकानाच्या परवान्याच्या कामासाठी नगरपंचायतीत गेले. तिथले साहेब सभ्य माणूस. त्यांनी सहज विचारलं, "मागच्या गल्लीचं काम कसं वाटतं, ताई? चांगलं झालं ना?"

"फारच चांगलं," मी म्हटलं. इथं थांबायला हवं होतं. मी दारापर्यंत गेले आणि वळले. "फक्त एक आहे साहेब. जिनं सगळ्यांच्या पायऱ्या मागं घ्यायला लावल्या, तिच्या दारापुढचा पत्राही एकदा मोजून पाहा. म्हणजे लोक बोलायला नकोत."

माझा आवाज गोड होता. मला तो अजून ऐकू येतो.

ते मोजायला आले. चुकीचं काही केलं नाही त्यांनी, पत्रा खरंच हातभर बाहेर होता. मी गच्चीवर होते. वनमाला फीत धरलेल्या माणसाशेजारी उभी राहिली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "बराबर हाये. नियम सगळ्याइले सारखाच." मग आत जाऊन तिनं लोखंडी सब्बल आणली आणि खांबाच्या बुडाशी स्वतःच घाव घालायला लागली. शेजारचे पुरुष धावले, तिनं सब्बल दिली नाही. पत्रा खाली आला तेव्हा एवढा आवाज झाला की गल्लीतली सगळी कबुतरं उडाली. त्याखालचं बाकडंही उचलावं लागलं, मशीन आत गेलं. तिच्या पुढच्या खोलीला एकच झरोका. त्या दिवसापासून ती भर दुपारी बल्ब लावून शिवायला लागली.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. एक घटकाभर वाटलंही. संध्याकाळी सासूबाई नेहमीपेक्षा लवकर परत आल्या. दम लागला होता.

"बसाले जागाच नाई राह्यली आता," त्या म्हणाल्या. "मधात टेकलं की मले चालता येत होतं. आता अर्ध्यातूनच वापस आली." थोडा वेळ गुडघे चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "कोनं सांगतलं असन वं? कोनाचं काय बिघडवलं होतं तिनं?"

मी ताटात भात वाढत होते. वाढतच राहिले, त्यांनी हात आडवा धरेपर्यंत.

मंडईचा दिवस आला. आमच्याकडं दिवाळीनंतर दोन-तीन महिने गावागावाची मंडई ठरलेली असते, पाहुणे येतात, दुकानं लागतात, सगळं गाव बाहेर पडतं. त्या दिवशी मेन रोडवर गाड्यांची इतकी दाटी की माझ्या दुकानाची पायरी चढायला कोणाला वाट नव्हती. दुपारी मी शटर ओढलं, बोळातून वळसा घालून फरसबंदीनंतर पहिल्यांदाच मागच्या गल्लीत शिरले.

गच्चीवरून पाहणं वेगळं आणि आत चालणं वेगळं. पायाखाली काही अडखळत नव्हतं. मी खाली न पाहता चालत होते आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. मेन रोडवर इतकी वर्षं मी कधीच खाली न पाहता चालले नव्हते. दारादारांतून लोक बोलावत होते. "आज इकडे कशा ताई?" "बसा ना ताई, शिंगाडे घ्या." ज्यांना मी वरून भांगावरून ओळखत होते त्यांचे चेहरे माझ्याकडं पाहून हसत होते. रायबाई भिंतीच्या सावलीत बसली होती. तिनं चारोळीचे चार दाणे माझ्या हातावर ठेवले, विकायला नाही, तसेच. आपल्याला इथं कोणी नको म्हटलं नव्हतं, हे मला त्या चार दाण्यांनी कळलं. मीच आले नव्हते.

वनमाला आत शिवत होती. बल्बच्या पिवळ्या उजेडात जांभळं कापड.

"आली तू," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "बस. चाय ठेवतो."

"चहा नको. पत्र्याचं मी सांगितलं होतं. साहेबांना."

मशीन थांबलं. बाहेरून पिपाणीचे आवाज येत होते. तिनं सुई वर केली, कापड काढून घेतलं, त्याची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"पत्रा तर बाहेर होताच," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"पन तू मले सांगतलं असतं तं मी त्याच दिवशी काढला असता. तिकडं जाऊन सांगाची काय गरज होती?"

"मला सहन होत नव्हतं."

"काय?"

सासूबाईंचं हसणं, असं म्हणायचं होतं. तुझे भराभर पडणारे पाय, असं म्हणायचं होतं. म्हटलं फक्त एवढंच, "तू."

तिनं घडी मशीनवर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "जा आता. आज मले बोलनं होनार नाई तुह्याशी."

आज म्हणाली होती, पण ते पुढचे दोन-अडीच महिने चाललं. लाखोळी निळी-जांभळी फुलली, शेंगा धरल्या, उपटून झाली. धानाचे ट्रक कमी झाले. रिळं ती चंद्रपूरहूनच आणायची. रस्त्यात दिसली तर मान हलवायची, तेवढंच. सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. आठ दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही, स्वतः उठून करून प्यायल्या.

मग मी मागची भिंत फोडायला घेतली. आमची जागा भिंतीच्या आत तीन-चार फूट रिकामी पडून होती, तिथं तुटक्या खुर्च्या नि जुनं सामान. भिंत मागं घ्यायची, पुढं ओटा करायचा, त्यावर पत्रा, सगळं आपल्या हद्दीत, आणि गल्लीत उघडणारं एक दार. बायांना टेकायला जागा होईल आणि त्या दारातून दुकानातही येता येईल.

"हे प्रायश्चित्त आहे का धंदा?" ह्यांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं. खोटं बोलायची ताकद संपली होती.

मिस्त्रीनं पहिल्या दिवशी विटा काढल्या आणि धुळीचा लोट गल्लीत गेला. वनमाला तोंडाला पदर लावून बाहेर आली. माझ्याकडं पाहिलं नाही. मिस्त्रीला म्हणाली, "भाऊ, दार इथी नोको. इथून नालीचं तोंड हाये, बरसातीत पानी आत घुसन. हातभर तिकडं सरकव."

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. दार हातभर सरकलं. ओटा झाल्यावर ती परत आली, गळ्यातली शिवणाची फीत काढली, कडेपासून हद्दीपर्यंत मोजली. "तीन बोटं आत हाये," ती म्हणाली, आणि या वेळी मला म्हणाली. "चालन." सासूबाई त्या ओट्यावर बसलेल्या पहिल्या बाई. त्या संध्याकाळी त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या.

तेव्हापासून आम्ही बोलतो. पूर्वीसारखं नाही. पूर्वी ती मनात येईल ते बोलायची, आता थोडं थांबून बोलते, आणि ते थांबणं मी दिलेलं आहे हे मला माहीत असतं. माझं दुकान आता मागच्या दारानं जास्त चालतं. मेन रोडचं शटर कापणीच्या दिवसांत मी अर्ध्यावरच ठेवते. म्हणजे नुकसान काहीच झालं नाही, झाला तो फायदाच. तरी हेवा गेला असं म्हणता येत नाही. गेल्या वर्षी पेपरात गल्लीचा फोटो आला. मधोमध वनमाला, बाजूला रायबाई, आणि माझा ओटा कडेला अर्धा कापलेला. मी तो पेपर जपून ठेवला आहे आणि अजून कोणाला दाखवलेला नाही.

या महिन्यात जिवतीकडच्या एका गावानं तिला बोलावलं. तिथल्या बायांना त्यांच्या बाजाराची वाट अशीच करायची आहे, कसं केलं ते सांगायला या म्हणून. तीन दिवसांसाठी. तिनं निळी साडी काढली, तिला फॉल मी लावून दिला. टाके घालताना माझ्या मनात काय होतं ते लिहिण्यासारखं नाही. जिवतीचे डोंगर मीही पाहिलेले नाहीत. मलाही जीपनं न्यायला कोणी यावं असं वाटतं.

निघताना ती म्हणाली, "संध्याकाळी मी लावतो तो गल्लीच्या तोंडाचा बांबू तेवढा आडवा लावशीन का? चार ते सात. आता ट्रॅक्टरवाले लय घाई करतात, इकडून शॉर्टकट मारतात. त्याइले समजावून सांगजो, ओरडजो नको."

पहिल्या संध्याकाळी मी चारला जाऊन गल्लीच्या तोंडाशी बांबू लावला. तो दिसतो त्याहून जड असतो. साडेपाचच्या सुमारास धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला. चालवणारा ओळखीचा नव्हता, पन्नाशीचा असेल, डोक्याला फडकं, डोळे धुळीनं लाल. मेन रोडवर मागं ट्रकांची रांग लागलेली.

"बाई, जाऊ द्या ना," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम हाये. मिल बंद होते."

माझ्या मागं बाया चालत होत्या. सासूबाईंचा आवाज येत होता. दोन मिनिटांनी काय होतं, असं माझ्याही मनात आलं. वनमालानं वाट नीट राखली नाही, असं गावानं एकदा तरी म्हणावं, हेही मनात आलं. आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण न आल्यासारखं करून काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

"नाही जमणार, भाऊ," मी म्हटलं. "इथं माणसं चालतात."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "वनमालाबाई नाईत का आज?"

"नाहीत," मी म्हटलं, आणि बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला. "मी आहे."